घडी बसते आणि दोन आठवड्यांत विस्कटते: तासातली हरवलेली मिनिटं शोधताना

तक्रार साधारण अशी असते. वर्ष सुरू झालं की आपण मुलांना मनापासून सांगतो: वर्गात आलं की जागेवर बसायचं, वही काढायची, फळ्यावरचा प्रश्न सोडवायला घ्यायचा. पहिले आठ-दहा दिवस छान जातात. मग एका सोमवारी लक्षात येतं की घंटा होऊन सहा मिनिटं झालीत, आपण अजून "बसा, बसा" करतोय आणि फळ्यावरच्या प्रश्नाकडे चार मुलांखेरीज कोणाचं लक्ष नाही. आपण रागावतो. दोन दिवस पुन्हा बरं चालतं. मग परत तेच.

या फेऱ्यात मी बरीच वर्षं काढली. दर वेळी वाटायचं की या वर्षीची बॅचच अवघड आहे. आता वाटतं की बिघाड बहुतेक वेळा मुलांच्या वृत्तीत नसतो. तो रुटीनमधल्या एखाद्या पायरीत असतो, आणि नीट शोधलं तर ती पायरी सापडते. ती कशी शोधायची आणि दुरुस्त कशी करायची, याबद्दल लिहितेय. ज्यांची घडी बसते पण टिकत नाही, त्यांच्यासाठी हे जास्त उपयोगाचं आहे.

आधी मोजा, मग बदला

काहीही बदलण्याआधी तीन दिवस फक्त मोजा. वर्गात मागे बसून वेळा टिपायला एखादी सहकारी मिळाली तर उत्तम. नाही तर फोनवर तासाचा आवाज रेकॉर्ड करा आणि घरी ऐका. घंटा कधी झाली, पहिल्या मुलाने लिहायला कधी सुरुवात केली, बहुतेक मुलं कधी कामाला लागली, एका कामातून दुसऱ्या कामात जायला किती वेळ गेला आणि शेवटी आवराआवर कधी सुरू झाली, एवढंच टिपायचं. कोण बोललं, कोणी त्रास दिला, हे लिहायचं नाही. ते लिहायला लागलं की आपण बिघाड सोडून गुन्हेगार शोधायला लागतो.

मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ४० मिनिटांच्या तासात सुरुवातीची ७, वह्या वाटण्यात ४, मधल्या अदलाबदलीत ३ आणि शेवटची २ अशी १६ मिनिटं गेलेली निघाली. मला अंदाज पाचेक मिनिटांचा होता. त्यातली निम्मी म्हणजे ८ मिनिटं जरी परत मिळाली आणि वर्षात २०० दिवस तो तास होत असेल, तरी हिशेब १६०० मिनिटांचा होतो. म्हणजे एकाच विषयाचे, ४० मिनिटांचे ४० पूर्ण तास. अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून जादा तास घ्यायची वेळ येते, तेव्हा हे ४० तास आपल्याच वर्गात पडून होते हे आठवून वाईट वाटतं.

जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये शिकण्याचं एक साधं सूत्र मांडलं: मूल किती शिकतं हे त्याला त्या गोष्टीसाठी लागणारा वेळ आणि प्रत्यक्षात त्यावर खर्च झालेला वेळ यांच्या गुणोत्तरावर ठरतं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की वेळापत्रकातला वेळ आणि खर्च झालेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही मूल कामाला लागलेलं दिसतंय पण काम त्याच्या आवाक्याबाहेर आहे, तर तोही वेळ शिकण्याचा नव्हे. १९७०च्या दशकात वर्गातल्या वेळेवर जे मोठं संशोधन झालं, त्यात म्हणूनच नेमलेला वेळ, लक्ष लागलेला वेळ आणि जमणाऱ्या कामात लक्ष लागलेला वेळ असे वेगळे हिशेब मांडले गेले. तिसरा आकडा सगळ्यांत लहान असतो, आणि आपल्याला वाढवायचा असतो तो तोच.

मोजताना एक चूक टाळा. प्रश्न विचारल्यानंतरची शांतता गळतीत धरू नका. मेरी बड रो यांनी वर्गांच्या नोंदी तपासल्या तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढलं तेव्हा उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलायला लागली आणि "माहीत नाही" कमी झालं. ते तीन सेकंद विचाराचे आहेत. वह्यांच्या वाटपातले वाचवून तिथे खर्च करायचे. घाईघाईने शिकवायला मिनिटं वाचवणार असाल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

लक्षण: तास सुरू व्हायलाच वेळ लागतो

सगळ्यांत मोठी गळती इथेच असते, म्हणून दुरुस्तीही इथूनच सुरू करा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मुलं नक्की कशाची वाट बघतात? एकदा मी मुद्दाम दाराशी दोन मिनिटं गप्प उभी राहिले. मुलं आली, बसली, दप्तरं उघडली आणि गप्पा मारत राहिली. फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता. मग मी नेहमीसारखं "चला" म्हटलं, आणि पेनं निघाली. मला वाटत होतं की कामाची खूण म्हणजे फळ्यावरचा प्रश्न. मुलांसाठी खूण होती माझं "चला". तीही पहिली नव्हे, तिसरी, जरा वरच्या पट्टीतली. रोज दोनदा म्हणून तिसऱ्यांदा आवाज चढवायची माझी सवय होती आणि मुलांनी ती अचूक ओळखली होती.

यावर उपाय म्हणजे खूण शिक्षकाच्या आवाजातून काढून वर्गातल्या एखाद्या वस्तूत ठेवायची. प्रश्न दिसला की काम सुरू. पण मग "चला" खरंच बंद करावं लागतं. पहिले तीन-चार दिवस हे फार जड जातं. जीभ चावून उभं राहायचं, सुरू केलेल्या मुलांजवळून हळू चालायचं, वहीवर बोट ठेवून "हं, पुढची पायरी?" इतकंच पुटपुटायचं. बाकीची मुलं बघत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मी तोंड उघडायच्या आत लिहायला लागली होती.

शिक्षकच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात असेल तर आधी येऊन फळा भरणं शक्य नसतं. अशा वेळी आठवड्याचे प्रश्न जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांचा गठ्ठा वर्गातच ठेवते. पाळीच्या मुलाने घंटा झाली की त्या दिवसाचा कागद फळ्यावर लावायचा. आधीच्या तासाचं फळ्यावरचं लिखाण पुसायचं कामही त्याचंच. हे काम आठवड्याने बदलतं, आणि नेहमी मागे रेंगाळणाऱ्या मुलाकडे आधी द्यावं असं माझं मत आहे.

आता मुख्य बिघाड. हे सगळं करूनही पंधरवड्यात सुरुवातीचा प्रश्न ओस पडत असेल, तर कारण बहुतेक या तिघांपैकी एक असतं: प्रश्न फार अवघड असतो, प्रश्नाचं पुढे काहीच होत नाही, किंवा प्रश्न मुलांना नीट दिसतच नाही.

अवघड प्रश्न दिला की मुलं बाई समजावून सांगतील याची वाट बघतात. सुरुवातीचा प्रश्न कोणाच्याही मदतीशिवाय, बहुतेक मुलांना जमेल असाच हवा. काल किंवा गेल्या आठवड्यात शिकलेलं, तीन-चार मिनिटांत होणारं. नवीन कोडी तासाच्या मध्यावर घालायची.

दुसरं कारण माझ्या हातून सगळ्यांत जास्त वेळा घडलंय. प्रश्न द्यायचा, मुलांनी सोडवायचा आणि मी "बरं, पुस्तकं काढा" म्हणून धडा सुरू करायचा. असं सात-आठ दिवस झालं की मुलं ओळखतात की हा प्रश्न आपल्याला गुंतवून ठेवण्यासाठी आहे. त्यांचं ओळखणं बरोबरच असतं. बराक रोझेनशाइन यांनी प्रभावी अध्यापनाची तत्त्वं मांडली त्यात पहिलं तत्त्व आहे आधीच्या शिकलेल्याची उजळणी, आणि त्यासाठी त्यांनी पाच ते आठ मिनिटं सुचवली आहेत. म्हणजे सुरुवातीचा प्रश्न हा खराखुरा पाठाचा भाग आहे. तो फळ्यावर सोडवा, एका चुकीच्या उत्तराबद्दल बोला आणि आजचा धडा त्यालाच जोडा. यासाठी दोन मिनिटं जातात, पण दुसऱ्या दिवशी सुरुवात आपोआप होते.

तिसरं कारण मला एका मुलीने शिकवलं. उजवीकडच्या रांगेतल्या सात-आठ मुलांचं काम तिसऱ्या तासाला कधीच सुरू नसायचं. दुसऱ्या वर्गात पाचव्या तासाला तीच पद्धत होती, पण तिथे काही अडचण नव्हती. मी त्या रांगेला दोनदा बोलले, एकदा जागा बदलायची धमकी दिली. शेवटी कोपऱ्यातली एक शांत मुलगी म्हणाली, "बाई, इथून फळा पांढरा दिसतो." मी तिच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून येणारं ऊन नेमकं त्या वेळी फळ्याच्या खालच्या डाव्या भागावर पडत होतं, आणि मी प्रश्न रोज तिथेच लिहीत होते, कारण तिथपर्यंत माझा हात सहज पोचायचा. त्या मुलांना शेजाऱ्याच्या वहीत डोकावल्याशिवाय प्रश्न कळतच नव्हता. त्या डोकावण्याला मी गप्पा समजत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि ती रांग सुरू झाली. त्या मुलांची मी माफी मागितली.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: रुटीन कुठे अडलं की त्या जागेवर जाऊन बसायचं, ज्या तासाला अडतं त्याच तासाला. शिक्षकाच्या टेबलापासून जे दिसतं ते अपुरं असतं.

हजेरीसाठी वेगळा वेळ नको. मुलं पहिला प्रश्न सोडवत असताना बैठकीचा आराखडा हातात धरून रिकाम्या जागा टिपायच्या. नाव पुकारून "हजर" ऐकण्यात काही मिनिटं जातात आणि नुकताच शांत झालेला वर्ग पुन्हा बोलता होतो.

लक्षण: वह्या वाटण्यात तास जातो

हिशेब करून बघा. ४४ वह्या, प्रत्येकीवरचं नाव वाचायचं, हाक मारायची, मूल उठून येणार, मागे जाणार. एका वहीला पाच सेकंद धरले तरी २२० सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ पावणेचार मिनिटं. त्यात कोणीतरी "माझी वही नाही मिळाली" म्हणतंच.

वाटप सुधारायचं असेल तर वाटपाकडे बघू नका, गोळा करण्याकडे बघा. वह्या गोळा करतानाच क्रमाने आल्या की वाटायला काही उरत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाने आपली वही तपासायच्या पानावर उघडून पुढे द्यायची. पुढच्याने त्यावर आपली उघडी वही ठेवून पुढे सरकवायची. पहिल्या बाकावर पूर्ण रांगेचा गठ्ठा तयार होतो, प्रत्येक वही योग्य पानावर उघडी. प्रत्येक रांगेच्या गठ्ठ्याभोवती वेगळ्या रंगाचं रबर लावायचं. तपासताना क्रम मोडायचा नाही, वही उचलायची, तपासायची, तशीच पालथी ठेवत जायची आणि शेवटी पूर्ण गठ्ठा उलटायचा. परत देताना पहिल्या बाकावर गठ्ठा ठेवला की वरची आपली घेऊन बाकीच्या मागे द्यायच्या.

ऐकायला किरकोळ वाटतं, पण यावर मी सलग तीन दिवस दहा-दहा मिनिटं खर्च केली आणि ती कधीच वाया गेली असं वाटलं नाही. पहिल्या दिवशी गोळा करायला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. का लागले हे मुलांनाच विचारलं. एक म्हणाला, वही आधीच उघडून ठेवली तर थांबावं लागणार नाही. दुसरा म्हणाला, मागे वळू नये, नुसता हात मागे करावा. तिसऱ्या दिवशी ५० सेकंद. पद्धतीतल्या या दोन्ही सुधारणा मुलांच्या आहेत, आणि कदाचित म्हणूनच त्या टिकल्या.

रांगारांगांत शर्यत लावायचा मोह होतो. मी लावून बघितली आणि बंद केली. वह्या फेकल्या जातात, आवाज वाढतो आणि ज्याचे हात जरा सावकाश चालतात त्याच्यावर सगळी रांग खेकसते. वर्गाने स्वतःच्याच कालच्या वेळेशी तुलना करावी, एवढं पुरतं.

लक्षण: एक काम संपवून दुसरं सुरू करताना वर्ग हातातून सुटतो

माझ्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेली सूचना जशीच्या तशी देते: "पुस्तकं मिटा, वही काढा, नाही, गृहपाठाची नको, वर्गपाठाची, समास आखा, तारीख टाका, आणि हो, शेजाऱ्याबरोबर जोडी करायची आहे, पण आधी उदाहरण उतरवून घ्या." एका दमात सहा-सात गोष्टी, त्यांतल्या दोन उलटसुलट क्रमाने. यावर पाच मुलांनी पाच प्रश्न विचारले आणि मी त्रासून म्हटलं, "आत्ताच तर सांगितलं!"

सांगितलं होतं, पण धरून ठेवता येईल असं नव्हतं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये कार्यस्मृतीवरचं संशोधन एकत्र करून मांडलं की मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरता येतात. मुलांची क्षमता त्याहून कमी असते. त्यामुळे माझी सूचना ऐकून गोंधळलेलं मूल दुर्लक्ष करत नव्हतं, त्याच्याजवळ जागाच उरली नव्हती.

आता मी आधी जुनं काम बंद करते आणि सगळ्यांचे हात रिकामे होईपर्यंत नवं बोलत नाही. मग एक सूचना, ती झाली की दुसरी. तीनपेक्षा जास्त पायऱ्या असल्या तर फळ्यावर १, २, ३ करून दोन-दोन शब्दांत लिहिते: "वर्गपाठ वही. समास. उदा. ४." कोणी विचारलं तर उत्तर न देता फळ्याकडे बोट दाखवते. महिन्याभरात मुलं एकमेकांना बोट दाखवायला लागतात.

जेकब कुनिन यांचं काम इथे फार उपयोगी पडतं. त्यांनी आधी शिक्षक मुलांना कसं रागावतात याचा अभ्यास सुरू केला होता. ज्यांचे वर्ग नीट चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, त्यांच्या रागावण्यात त्यांना फारसा फरकच सापडला नाही. फरक सापडला तो गडबड होण्याआधीच्या गोष्टींत: शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष असणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, तासाची गती आणि एका कामातून दुसऱ्यात अडखळल्याशिवाय जाणं. १९७० मध्ये त्यांनी हे मांडलं. त्यांनी दाखवलेली एक सवय माझीच होती: नवीन काम सुरू करून दिल्यावर अर्ध्या मिनिटाने "अरे, मघाच्या उदाहरणात कोणाकोणाचं बरोबर आलं?" असं मागे वळणं. वर्ग अशा वेळी सुटतो, आणि तो शिक्षकाने सोडलेला असतो. आता मागचं काही आठवलं तर वहीच्या कडेला टिपून ठेवते आणि पुढच्या थांब्याला विचारते.

एक सोपी चाचणी सांगते. दिवसभरात मुलांकडून एकच व्यवस्थेचा प्रश्न तीनदा आला, म्हणजे "कुठल्या वहीत?", "पेनने की पेन्सिलने?", "झालं, आता काय करू?", तर तिथे रुटीनच नाही असं समजा. "आता काय करू?" हा त्यातला सगळ्यांत महागडा प्रश्न. लवकर काम होणाऱ्या मुलांसाठी एक कायमची सोय ठरवून टाका: वहीच्या मागच्या पानांवर आठवड्याचं मोठं उदाहरण, किंवा वाचायचं पुस्तक. रोज नवीन काही शोधून द्यायला गेलात तर तुमचा वेळ त्या चार मुलांमागेच जाईल, आणि ज्यांना तुमची गरज आहे ती मुलं मागे राहतील.

पेन्सिल मोडली, पाणी प्यायचंय, बाहेर जायचंय, यासाठी हाताच्या ठरलेल्या खुणा आणि कोपऱ्यात टोक केलेल्या पाच-सहा पेन्सिलींचा डबा. यात फार डोकं लावायची गरज नाही.

मग ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मोडतं?

वर लिहिलेले बिघाड दुरुस्त केले तरी घडी पुन्हा विस्कटू शकते, आणि तेव्हा आपण जास्त निराश होतो. माझ्या अनुभवात याचं मूळ एकच असतं: आपण रुटीन सांगितलेलं असतं, शिकवलेलं नसतं.

कॅरोलिन एव्हर्टसन, एडमंड एमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तिसरीच्या वर्गांत बसून निरीक्षणं केली. नियम सगळ्याच शिक्षकांनी सांगितले होते. ज्यांचे वर्ग पुढे वर्षभर नीट चालले, त्यांनी मात्र पद्धती करून दाखवल्या, मुलांकडून करवून घेतल्या आणि कुठे चुकतंय ते सांगून पुन्हा करवून घेतल्या. एखादा पाठ शिकवावा तसं. आपण भागाकार एकदा सांगून "आता आला पाहिजे" म्हणत नाही. वह्या गोळा करण्याबाबत मात्र नेमकं तेच म्हणतो.

सवय लागायला वेळही आपण समजतो त्याहून जास्त लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात साधी सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागेल असं दिसलं, मध्यावरचा आकडा ६६ दिवसांचा. ही मोठी माणसं होती, सवयीही त्यांनी स्वतः निवडलेल्या होत्या, त्यामुळे वर्गाला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण दहा दिवसांत घडी बसली असं मानून आपण लक्ष काढून घेतो ते फार लवकर होतं, एवढं त्यातून नक्की कळतं. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट होती: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे स्नेहसंमेलनाच्या तयारीत एक दिवस बुडाला म्हणून सगळं गेलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच सुरू करा.

लांब सुट्टीनंतर मात्र पहिल्या दिवसापासून, पहिल्यांदाच शिकवतोय असं शिकवा. "विसरलात का?" हा प्रश्न विचारू नका. विसरलेली असतातच. "वह्या कशा गोळा करतो ते एकदा करून बघू या" म्हणा, दोनदा करा, पुढे जा. रागावण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

आणि मोडलं की एक तपासणी स्वतःची. मी एका महिन्यात स्वतः किती वेळा रुटीन मोडलं हे डायरीत टिपलं होतं. घाई आहे म्हणून सुरुवातीचा प्रश्न वगळला, चार वेळा. फळ्यावर लिहिलेलं असताना तोंडीच पुन्हा सांगितलं, मोजायचं सोडून दिलं इतक्या वेळा. घंटा झाल्यावरही शिकवत राहिले, नऊ वेळा. मुलं जे मोडत होती त्यातलं बरंचसं मी आधी मोडलेलं होतं.

एका वेळी एकच रुटीन बसवा. सुरुवातीचं बसलं, म्हणजे मी न बोलता सलग दोन आठवडे सुरू होतंय, की मग वह्यांचं. एकदम पाच आणली की पाचही अर्धवट राहतात. आणि एखादं रुटीन वाचवतं त्यापेक्षा जास्त वेळ खात असेल तर ते टाकून द्यायला संकोच करू नका. गटकामासाठी मी प्रत्येकाला रंगीत पट्ट्या आणि चार वेगवेगळ्या जबाबदाऱ्या दिल्या होत्या. दिसायला फार सुंदर, पण रोज पट्ट्या शोधण्यातच तीन मिनिटं जायची. काढून टाकलं.

सगळ्यांचं जमतं, दोघातिघांचं जमत नाही

इथे घाईने आळशी ठरवू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा सुरुवातीचा प्रश्न कधीच पुरा करत नसे. त्याची वही उलगडून नीट बघितली तेव्हा दिसलं की प्रत्येक पानावर प्रश्न अगदी सुबक अक्षरांत पूर्ण उतरवलेला आहे आणि खाली जागा कोरी. तो सावकाश लिहितो. चार मिनिटं प्रश्न उतरवण्यातच संपायची, आणि सोडवायची वेळ आली की मी फळ्यावर उत्तर लिहायला घ्यायची. त्याला म्हटलं, प्रश्न उतरवू नकोस, फक्त क्रमांक घाल आणि उत्तर लिही. त्या आठवड्यात त्याची पहिल्या चार दिवसांतली तीन उत्तरं बरोबर आली. मग सगळ्या वर्गालाच ती सूट दिली, कारण प्रश्न उतरवण्याने कोणाचंच काही शिकून होत नव्हतं.

उशिरा येणाऱ्यांसाठी दाराजवळ त्या दिवसाचा प्रश्न लिहिलेला एक कागद ठेवते. मूल तो उचलून जागेवर जातं. उशीर का झाला ते मुलं कामात असताना त्याच्या बाकाजवळ जाऊन विचारते, सगळ्यांसमोर नाही.

लक्षण: शेवटची मिनिटं विरघळतात

घंटेकडे मुलांचे डोळे लागले की शिकवणं संपलेलं असतं, आपण बोलत असलो तरी. म्हणून घंटेच्या चार मिनिटं आधी मी स्वतः थांबते. पाठ अर्धवट असला तरी. सुरुवातीला हे फार जिवावर यायचं. आता छोट्या चिठ्ठीवर एक प्रश्न: आजचं एक उदाहरण, किंवा "आज कुठे अडलं?" मुलं चिठ्ठी लिहितात, वह्या ज्या पद्धतीने पुढे येतात त्याच पद्धतीने चिठ्ठ्या पुढे येतात, आणि घंटा होते तेव्हा दप्तर आवरून झालेलं असतं.

त्या चिठ्ठ्या मी त्याच दिवशी चाळते, दहा मिनिटं पुरतात. तीन ढीग करते: जमलं, थोडं अडलं, अजिबात नाही. मधल्या ढिगातली सगळ्यांत जास्त वेळा झालेली चूक उचलते, तिच्यावरून एक प्रश्न तयार करते आणि जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून उद्याच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवते. सकाळी पाळीचं मूल तो फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लावतं.